सात दिवसांत कोणाचीही हरकत आली नाही

अक्षय्य तृतीयेनंतरचा सोमवार: तुझे अधिकार काढून घेण्याचा प्रस्ताव मांडला गेला.
त्याच आठवड्यातला बुधवार: तू उत्तराचा मसुदा लिहिलास. तो पाठवला गेला नाही.
पुढचा सोमवार: "हरकत आलेली नाही, प्रस्ताव मंजूर" अशी नोंद झाली.
पोळ्याआधीचा शुक्रवार: तू गेलीस.
त्यानंतरचा रविवार: त्याच लोकांनी त्याच संकेतस्थळावर तुला श्रद्धांजली वाहिली.

जबाबदार व्यक्ती. पहिला, प्रस्ताव मांडणारा, ज्याचे खरे नाव मला आजतागायत कळलेले नाही. दुसरा, तुझा सहकारी, रायपूरचा ओंकार, जो तुला दीदी म्हणत असे. तिसरे, ती सर्व मंडळी ज्यांनी प्रस्ताव वाचला आणि काही न लिहिता पान पुढे सरकवले. चौथा मी, तुझा बाप.

वैजू, मृत्युलेखात जे असते ते यात नाही. तुझा जन्म, शिक्षण, नोकऱ्या हे सारे इथल्या मराठी मंडळाच्या सूचनाफलकावर कोणीतरी सुबक अक्षरांत लिहिले आहे आणि त्यात एकही चूक नाही. माझी तक्रार दुसऱ्या एका फलकाविषयी आहे. त्यावरची चूक जगात कोणालाही, कुठूनही वाचता येते.

संतापलेल्या माणसावर अतिशयोक्तीचा आरोप लवकर येतो, म्हणून एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. त्या लोकांनी तुला मारले असे मी म्हणत नाही. मेंदूत रक्तस्राव झाला. डॉक्टरांनी प्रमाणपत्रावर लिहिलेले कारण मी तीनदा वाचले आणि मला ते मान्य आहे. माझे म्हणणे इतकेच, की तू गेलीस तेव्हा तुझ्या नावापुढे एक खोटे विधान उभे होते आणि ते आजही तिथेच आहे.

हे वाचणाऱ्यांपैकी अनेकांना तू रविवारी सकाळी संगणकासमोर बसून काय करायचीस हे ठाऊक नसेल. मलाही नव्हते. नेहरू नगरच्या घरी, जेवणाच्या टेबलावर, मी एकदा रोखठोक विचारले, की कंपनीचे काम आठवडाभर करतेस ते समजले, पण हे कोणासाठी? तू मला माझ्या पोलाद कारखान्याच्या, प्लांटच्या भाषेत समजावलेस. "बाबा, तुमच्या प्लांटमध्ये दर खेपेला नट-बोल्ट नवीन घडवत होते का? स्टोअरमधून आणत होते नं. हे तसंच स्टोअर आहे. फक्त मागणीचा इंडेंट भरा लागत नाही, अन् स्टोअरकीपर पान खायला गेला म्हणून काम अडत नाही." वेबसाइट बांधायला लागणारे तयार भाग जगभरची माणसे मिळून बनवतात, कोणीही ते उचलावेत, कोणीही ते सुधारावेत. तुम्ही त्याला फ्रेमवर्क म्हणता. मी हट्टाने चौकट म्हणत आलो.

त्या चौकटीत तू शिरलीस ती कॅम्प-१ या कामगारवस्तीतल्या एका शिवणवर्गामुळे. वर्गाची वेबसाइट तू बांधून दिली होतीस. नाव नोंदवायला सुकवारो नावाची बाई आली आणि फॉर्म अडला, कारण तो आडनावाशिवाय पुढे सरकेना. तिने जन्मात आडनाव लावले नव्हते. कोणी म्हणाले, त्या जागी टिंब टाका. तू घरी येऊन धुमसत होतीस. "टिंब कावून? तिचं नाव पुरं आहे." मग तू त्या चौकटीच्या मुळाशी गेलीस, दोष शोधलास, दुरुस्ती लिहिलीस आणि आडनाव नसलेली माणसे पृथ्वीवर असतात हे दूरदेशीच्या लोकांना तीन आठवडे लेखी पटवत राहिलीस. त्यांना पटले. मी तेव्हा विचारले होते, "त्याचं तुले काय मिळालं?" तू म्हणालीस, "सुकवारो बाईचं नाव लागलं." मी हसलो होतो. ते हसणे चांगले नव्हते. तुला ते कळले होते आणि मला ते कळल्याचे कळले होते, पण आपल्या घरात अशा गोष्टींची माफी मागण्याची पद्धत मी कधी पडू दिली नाही.

हळूहळू फॉर्म आणि कागदपत्रे स्वीकारण्याचा तो सबंध भाग तुझ्याकडे आला. तू त्याची मेंटेनर झालीस, म्हणजे देखरेख करणारी. त्या भागात काय आत जाईल आणि काय नाही हे ठरवणाऱ्या मोजक्या माणसांपैकी एक. कोणत्या नेमणूकपत्राने, हे मी विचारले. नेमणूकपत्र नव्हते. मग करारनामा दाखव म्हणालो. तू चौकटीसोबत येणारा वापराचा परवाना दाखवलास.

मी तो छापून घेतला आणि लाल पेन्सिल घेऊन बसलो. जसे आहे तसे दिले आहे, कोणतीही हमी नाही, नुकसान झाल्यास लेखक जबाबदार नाही. तू दारात उभी राहून बघत होतीस. "हा परवाना पुरा वाचणारे जगात तुम्ही पयलेच असाल, बाबा." मी म्हणालो, हे बक्षीसपत्र आहे आणि बक्षीसपत्राला घेणाऱ्याचा स्वीकार लागतो. तू म्हणालीस, सही लागत नाही म्हणूनच कोणीही घेऊ शकतो. हा वाद आपण कित्येक वर्षे चालवला, गाडीत, बँकेच्या रांगेत, तुझ्या आईच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेच्या वेळी बाहेरच्या बाकावरसुद्धा. तो अपुरा राहिला. आज मला त्यात एक मुद्दा सापडला आहे आणि ऐकायला तू नाहीस. त्या परवान्यात देणाऱ्याच्या हाताला संरक्षण आहे, त्याच्या नावाला नाही.

तू मला काही दिले नाहीस असे मात्र कोणी समजू नये. प्लांटच्या विधी विभागात मी उभी हयात काढली. निवृत्तीनंतर प्लांटच्या वसाहतीतले, सेक्टर ६ मधले जुने सहकारी पेन्शनचे, क्वार्टरचे, वैद्यकीय बिलांचे अर्ज घेऊन माझ्याकडे येत. माझ्या पत्रांचे नमुने तू एका वेबसाइटवर बसवलेस. माणसाने आपली हकिकत भरायची, खाली पत्र तयार. त्या कामासाठी तू माझ्या भाषेवर कात्री चालवलीस आणि म्हणालीस, "तुमचं 'उपरोक्त विषयान्वये' काढलं तर अर्धं पान रिकामं होते." मी रागावलो. पण ज्या माणसाला स्वतःचा अर्ज कधी लिहिता आला नाही, त्याला स्वतः भरलेले पत्र घेऊन माझ्यासमोर ताठ बसलेले मी पाहिले. हे मी तुला सांगायला हवे होते. सांगितले नाही.

आता मूळ प्रकरण.

त्या पहिल्या माणसाचे पडद्यावरचे नाव रस्टीकेटल, म्हणजे गंजकी किटली. चौकटीचा प्रमुख मेंटेनर. त्याच्या बापाचे नाव नाही, पत्ता नाही, मुक्काम कोणत्या देशात हे तुलाही नक्की ठाऊक नव्हते. मी चाळीस वर्षे नोटिसा बजावल्या, पण किटलीला रजिस्टर पत्र कसे पाठवावे हे कोणत्याही नियमावलीत नाही.

गेल्या हिवाळ्यात एका शनिवारी सकाळी तुमची व्हिडिओवर बैठक होती. मी बाजूच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होतो आणि दार उघडे होते. लोकांनी चढवलेली कागदपत्रे कोण उघडतो आहे हे तपासणारा एक टप्पा काढून टाकावा, त्याने वेग वाढेल, असे किटलीचे म्हणणे. तू नाही म्हणालीस. इंग्रजीत म्हणालीस आणि दोनदा म्हणालीस. तो टप्पा काढला तर कागद राखणारे दुसरे काही उरत नाही, इतके मला समजले. बहुमत तुझ्या विरुद्ध गेले. ओंकार त्या बैठकीत होता आणि काही बोलला नाही. इतिवृत्त कोणी लिहिले नाही.

पुढच्या आठवड्यात नवी आवृत्ती बाहेर काढण्याची पाळी तुझी होती, म्हणून तो बदल तुझ्या हातून, तुझ्या नावावर आत गेला. तुमच्यात दुसऱ्या एकाने तपासून 'ठीक आहे' म्हणावे लागते. ते ओंकारने म्हटले. मी तुला नंतर विचारले, की जी गोष्ट पटत नव्हती तिच्यावर आपले नाव का घातलेस? तू म्हणालीस, "माझं मत पडलं, बाबा. सर्वांचं ठरलं, मग पाळीवाल्याले काम तर करावं लागते." ही सभ्यता तू कुणाकडून शिकलीस मला माहीत नाही. माझ्याकडून नाही.

भर उन्हाळ्यात बोभाटा झाला. काही वेबसाइटांवर एकाने चढवलेले कागद दुसऱ्याला उघडता येऊ लागले. दोष एका दिवसात दुरुस्त झाला आणि ती दुरुस्ती तूच केलीस, जेवणाचे ताट बाजूला सारून. मग किटलीने खुलासा प्रसिद्ध केला. त्यात दोन वाक्ये होती, ज्यांसाठी मी हे सर्व लिहितो आहे. पहिले: हा बदल वैजयंतीने केला. दुसरे: त्यातील धोक्याकडे त्या वेळी कोणीही लक्ष वेधले नव्हते. पहिले वाक्य तांत्रिकदृष्ट्या खरे आहे, म्हणून जास्त घातक. दुसरे निखालस खोटे आहे. कोणती ओळ कोणाच्या हातची हे सांगणारी एक आज्ञा तुमच्या यंत्रणेत आहे. तिचे नावच 'ब्लेम'. ती हात दाखवते. तोंड 'नाही' म्हणाले होते, हे तिला दिसत नाही.

खुलाशाखालीच प्रस्ताव होता, की तुझे अधिकार काढून घ्यावेत. मुदत सात दिवस.

इथे चौथ्या क्रमांकाच्या व्यक्तीचा भाग सुरू होतो.

तू बुधवारी तीन परिच्छेद लिहिलेस आणि छापून मला दाखवलेस. त्यात शनिवारच्या बैठकीची हकिकत होती, कोण उपस्थित होते ते होते, आणि शेवटी तुझ्या हातून बदल गेला याबद्दल खेदही होता. मी लाल पेन्सिल उचलली. खेद हे कबुलीचे पहिले पाऊल, असे मी शेकडो कामगारांना, खातेचौकशीत त्यांचा मदतनीस म्हणून बसताना, सांगत आलो. आधी आरोपपत्र मागायचे, तोवर तोंड उघडायचे नाही. आरोपपत्र नाही तर चौकशी नाही, चौकशी नाही तर शिक्षा टिकत नाही. या एका सूत्रावर मी माणसांच्या नोकऱ्या वाचवल्या आहेत.

"एक अक्षर लिहू नको," मी म्हणालो. "पयले आरोपपत्र येऊ दे."

"बाबा, तिथं आरोपपत्र नसते. तिथं चूप बसलं तर 'हो' समजतात."

"असा कोणता कायदा आहे?"

"कायदा नाही, रीत आहे. सर्व आपापल्या घरी बसून काम करतात, प्रत्येकाच्या होकाराची वाट पाहिली तर काहीच होणार नाही. म्हणून सात दिवस कोणी नाही म्हटलं नाही, तर मंजूर."

तुझी आई चहा घेऊन आली होती. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तिले लिहू द्या नं. तुमच्या प्लांटची चौकशी आहे का हे?"

मी दोघींना नैसर्गिक न्याय समजावून सांगितला. अर्धा तास सांगितला. त्याच दिवशी ओंकारचाही फोन आला होता आणि त्यानेही तुला हेच सांगितले होते, "दीदी, अभी मत लिखिए, मामला ठंडा होने दीजिए." त्याचे कारण वेगळे होते, ते मला नंतर उमगले. पण दोन बाजूंनी दोन माणसे तेच सांगत होती आणि त्यातला एक तुझा बाप होता. तू तो मसुदा मिटवला नाहीस, पाठवलाही नाहीस. लॅपटॉपचे झाकण लावलेस आणि आईबरोबर कैऱ्या चिरायला बसलीस.

पुढच्या सोमवारी ती नोंद आली. हरकत आलेली नाही. शेजारी हिरवी बरोबरची खूण.

मी त्यावर अपील करू म्हणालो. कुठे, असे तू विचारलेस. त्या प्रश्नात टोमणा नव्हता. तुला खरेच जाणून घ्यायचे होते, की माझ्याजवळ काही उत्तर आहे का. नव्हते. त्यानंतर साडेतीन महिने तू माझ्याशी एकदाही त्याविषयी बोलली नाहीस. रविवारी सकाळी तू गच्चीवरच्या कुंड्यांची माती बदलायचीस. मी खाली बसून पत्रे लिहायचो, नगरपालिकेला, वीज मंडळाला, ज्याच्या त्याच्या चुकांबद्दल. तू मला दोष दिला असतास तर मी प्रतिवाद केला असता, आणि बहुधा जिंकलो असतो. तू ती संधी दिली नाहीस.

तुझ्यानंतर त्या मंडळींनी एक पान उघडले आहे. त्यावर मेणबत्त्या आहेत, लाल बदाम आहेत, तुझ्यामुळे कोण काय शिकले याच्या आठवणी आहेत. काही खरोखर चांगल्या आहेत. एका बाईने लिहिले आहे, की तिच्या पहिल्या चुकीवर तू चार ओळींत उत्तर दिले होतेस आणि त्यात एकही शब्द तिला लहान करणारा नव्हता. ते वाचून मी उठून बाहेर गेलो. परत येऊन बाकीचे वाचले, तेव्हा ध्यानात आले, की यांतल्या कितीतरी माणसांना सात दिवसांत एक ओळ लिहायला सवड मिळाली नव्हती. आणि रस्टीकेटल जाहीर करतो, की येणारी आवृत्ती तुझ्या स्मृतीस अर्पण होईल. ज्या खुलाशात तू एकटी दोषी आहेस तो मात्र तसाच आहे, दोन टिचक्यांच्या अंतरावर.

मी त्यांच्याकडे खाते उघडले. नाव, वडिलांचे नाव, संपूर्ण पत्ता लिहिला, कोणी विचारला नसताना. बारा क्रमांकित परिच्छेदांची हरकत तयार करून त्या खुलाशाखाली टाकायला गेलो. चर्चा बंद केलेली आहे, असे उत्तर आले. दुसऱ्या ठिकाणी टाकली. तत्काळ एक स्वयंचलित संदेश आला: तुमचे हे पहिलेच योगदान, स्वागत आहे. सोबत पताका आणि टोपीचे चित्र. तुझ्या बाराव्याच्या आदल्या दिवशी.

त्याच्या आदल्या दिवशी, दहाव्याला, ओंकार येऊन गेला होता. शिवनाथ नदीच्या घाटावरून आम्ही परतलो तेव्हा तो फाटकाशी उभा होता. पस्तिशीचा, नोकरीपेशाचा, दोन लेकरांचा बाप. तुझ्या आईच्या पाया पडला आणि रडला. ते रडणे खोटे नव्हते, हे नोंदवतो. त्याला टेबलाशी बसवले. मी काही विचारण्याआधीच तो म्हणाला, "काका, उस दिन मैं कॉल पे था. दीदी ने मना किया था. दो बार."

मी म्हणालो, हे लिहून दे.

त्याने समोरचे ताट थोडे मागे सारले. मग म्हणाला, की लिहिले तर तपासून ठीक म्हणणारा तो होता हेही लिहावे लागेल. बरेच काही त्यावर अवलंबून आहे. तुझ्या आईने त्याला विचारले, "बेटा, उसपर ऐसा क्या टिका है, जो हमारी बेटी के नाम से बड़ा है?" तो उठला. जाताना चप्पल घालून त्याने पुन्हा एकदा आत वाकून बघितले, तुझ्या फोटोकडे की माझ्याकडे, सांगता येत नाही.

काय अवलंबून आहे ते या सोमवारी समजले. तुझ्या रिकाम्या जागी ओंकारचे नाव सुचवले गेले आहे. सुचवणारा रस्टीकेटल. हरकतीसाठी मुदत सात दिवस.

वैजू, तू असतीस तर म्हणाली असतीस, जाऊ द्या बाबा, त्याले पोरंबाळं आहेत. तुझे ते म्हणणे मी नोंदवून घेतले आहे आणि फेटाळतो आहे. मला ओंकारची जागा नको, त्याची बदनामीही नको. तो वाईट माणूस नाही. मला फक्त खुलाशातल्या त्या दुसऱ्या वाक्याशेजारी खरे वाक्य उभे राहिलेले पाहायचे आहे, आणि ते लिहू शकणारा माणूस जगात एकच आहे. माझी साक्ष चालणार नाही. मी बाप आहे, आणि बैठकीत नव्हतो, भिंतीपलीकडे होतो.

तुझा बुधवारचा मसुदा तुझ्या लॅपटॉपमध्ये सापडला. माझ्या लाल खुणा त्याच्या छापील प्रतीवर आहेत. तुझा मूळ मसुदा, ती प्रत, आणि तुला गप्प बसवण्याचा सल्ला माझा होता हे माझ्या सहीचे निवेदन, तिन्ही मी त्या नव्या प्रस्तावाखाली आज जोडली आहेत. शेवटच्या परिच्छेदातल्या तुझ्या खेदाला हात लावलेला नाही. इंग्रजी तुझेच आहे. माझी हरकत त्याखाली आहे, नावानिशी, पत्त्यानिशी. चौथ्या क्रमांकाच्या व्यक्तीने आपले उत्तर जाहीरपणे दिले आहे.

आता तुझ्याशी बोलणे थांबवतो, कारण पुढचा प्रश्न तुला नाही.

ओंकार, हा लेख तुझ्यापर्यंत पोहोचेल याची मी व्यवस्था केली आहे. तू माझ्या घरात, माझ्या पत्नीसमोर जे बोललास ते मी इथे लिहिले आहे. ते खोटे असेल तर तसे लिही, मी माफी मागेन. खरे असेल तर तेही लिही. प्रश्न एकच आहे: त्या शनिवारी वैजयंतीने त्या बदलाला नाही म्हटले होते की नव्हते? मला फोन करू नकोस. घरी येऊ नकोस. तिच्या आईच्या पाया पडू नकोस. त्याच पानावर, तुझ्या पूर्ण नावाने, होय किंवा नाही, रविवारपर्यंत.